इंग्रजीचा गृहपाठ मराठीतून सुटतो

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कामगार वस्तीतलं घर असो की याच जिल्ह्यातल्या सुरगाण्याचा एखादा पाडा, मराठी माध्यमाच्या मुलांचा इंग्रजीचा गृहपाठ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडतो. धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं धड्यात शोधून उतरवता येतात. ‘चेंज द व्हॉइस’, ‘डू ॲज डायरेक्टेड’ किंवा ‘रिपोर्टेड स्पीच’ची उत्तरं मात्र धड्यात सापडत नाहीत. घरात विचारावं, तर आई-वडिलांचं इंग्रजी अनेकदा अक्षरओळखीपुरतं असतं आणि ‘आम्हाला नाही येत, सरांना विचार’ एवढ्यावर विषय संपतो. उरतात तीन वाटा : गाईड, क्लास आणि मोबाइल. या तिन्ही वाटांनी उत्तर हाती लागतं. ते उत्तर तसंच का, हे मात्र क्वचितच समजतं, आणि पुढचं वाक्य समोर आलं की मूल पुन्हा तिथंच थांबतं. इंग्रजी व्याकरणाच्या गृहपाठात मुलांना खरी मदत मराठीतून होऊ शकते, आणि ती करायला इंग्रजी न येणारे आई-वडीलही समर्थ आहेत, हे या लेखाचं म्हणणं आहे.

आधी आजची स्थिती पाहू. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पूर्वी पाचवीपासून इंग्रजी सुरू होत असे. सन २००० पासून ते पहिलीपासून शिकवलं जाऊ लागलं. म्हणजे दहावीला बसणारं मूल आज दहा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. ग्रामीण भारतातल्या मुलांची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालानुसार २०१६ मध्ये देशभरात आठवीतल्या ४५.३ टक्के मुलांना इंग्रजीतली साधी वाक्यं वाचता येत होती. २०२२ मध्ये हे प्रमाण ४६.७ टक्के होतं. याच काळात पैसे भरून शिकवणीला जाणारी पहिली ते आठवीची मुलं मात्र वाढली : २०१८ मध्ये २६.४ टक्के, तर २०२२ मध्ये ३०.५ टक्के. शिकवणीला मुलं अनेक विषयांसाठी जातात, त्यामुळे या दोन आकड्यांचा थेट संबंध जोडता येणार नाही. तरीही मदतीवरचा खर्च वाढला म्हणजे भाषा आपोआप आली, असं होत नाही एवढं यातून नक्की दिसतं. मदत किती मिळाली याइतकंच ती कोणत्या प्रकारची होती, यालाही महत्त्व आहे.

मुलांच्या चुका बारकाईनं पाहिल्या की त्या वाट्टेल तशा होत नाहीत, हे लक्षात येतं. मराठी वाक्याची रीत इंग्रजीपेक्षा जिथं वेगळी आहे, नेमक्या तिथंच त्या होतात. ‘आम्ही पाच वर्षांपासून इथं राहतो’ असं मराठीत वर्तमानकाळात म्हणतात, म्हणून मूल लिहितं ‘वुई लिव्ह हिअर फॉर फाइव्ह इयर्स’. इंग्रजीला तिथं ‘हॅव लिव्हड’ लागतं. ‘आई म्हणाली की मी उद्या येते’ या वाक्यातला ‘मी’ म्हणजे आई. मराठीत बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवले तरी कुणाचा गोंधळ होत नाही. हेच वाक्य शब्दाला शब्द लावून इंग्रजीत नेलं, तर ‘मदर सेड दॅट आय कम टुमारो’ होतं आणि येणारी आई न राहता लिहिणारं मूलच येणारं ठरतं. इंग्रजीत ‘आय’चं ‘शी’ होतं, ‘कम’चं ‘वुड कम’ होतं आणि ‘टुमारो’चं ‘द नेक्स्ट डे’. गाईडमध्ये या बदलांचा तक्ता असतो आणि मुलं तो पाठ करतात. ‘या वाक्यातला मी कोण?’ हा प्रश्न मात्र त्यांना कुणी विचारत नाही. तो कळला की निम्मा तक्ता मूल स्वतःच तयार करू शकतं. ‘अ’ आणि ‘द’चंही तसंच आहे. मराठीत त्यांच्यासाठी वेगळे शब्द नाहीत, पण त्यामागचा भेद आपण रोज पाळतो. ‘एक मुलगा आला होता’ आणि ‘तो मुलगा आला होता’ यांतला फरक पहिलीतल्या मुलालाही कळतो. ऐकणाऱ्याला कोणता मुलगा ते ठाऊक आहे का, हे विचारायला शिकवलं, तर ‘अ’ की ‘द’ याचा बराचसा उलगडा होतो.

सगळ्यात मोठा घोळ व्हॉइसचा. ‘पोलिसांनी चोर पकडला’ हे वाक्य मराठी व्याकरणात कर्मणी प्रयोगाचं आहे, कारण क्रियापद कर्माप्रमाणे चालतं : चोर पकडला, गाडी पकडली. मराठीच्या तासाला मूल हे शिकतं. इंग्रजीच्या तासाला ‘पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे कर्मणी’ असं ऐकतं आणि दोन्ही गोष्टी एकच मानतं. प्रत्यक्षात ‘द पोलीस कॉट द थीफ’ हे इंग्रजीत सरळ ॲक्टिव्ह वाक्य आहे. त्याचं पॅसिव्ह ‘द थीफ वॉज कॉट’, आणि त्याच्या जवळचं मराठी वाक्य ‘चोर पकडला गेला’. पकडणारा वाक्यात पुढे आहे की मागे सरला आहे, हा इथला खरा प्रश्न. हे एकदा मराठीत समजावलं, तर मुलाला व्हॉइस कळतो आणि मराठीतला प्रयोगही कळतो. या गोंधळाला जुना इतिहास आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण लिहिलं, तेव्हा त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणाचा साचा होता. मराठीचे प्रयोग नेमके कसे मानावेत, यावर पुढे व्याकरणकारांचा वाद झाला आणि मोरो केशव दामले यांनी १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त त्याचा सविस्तर विचार केला. दोन भाषांची व्याकरणं शेजारी ठेवून पाहण्याची ही परंपरा आपल्याकडे आहे. आपली मुलं मात्र त्यांचे तास वेगवेगळ्या वह्यांत कोंडून ठेवतात.

यावर पहिला आक्षेप असा, की मराठीतून इंग्रजी शिकवलं तर मुलं आयुष्यभर मनात भाषांतरच करत राहतील. हा आक्षेप हलका नाही, आणि तो तपासायला जपान उपयोगी पडतं. जपानी भाषेची ठेवण बऱ्याच बाबतींत मराठीसारखी आहे : क्रियापद शेवटी येतं, ‘ला’, ‘त’सारखे जोड शब्दामागे लागतात, ‘अ’ आणि ‘द’ नाहीत, आणि दुसऱ्याचं बोलणं सांगताना काळही बदलत नाही. तिथल्या मुलांचे इंग्रजीचे प्रश्न म्हणूनच आपल्या मुलांच्या ओळखीचे आहेत, आणि संध्याकाळी ‘जुकु’ नावाच्या खासगी क्लासला जाण्याची रीतही. जपानी शाळांत फार काळ इंग्रजी वाक्याचं शब्दशः भाषांतर करून घेण्याची पद्धत होती. चिनी मजकुराला खुणा घालून तो जपानी क्रमानं वाचण्याची जुनी विद्या तिच्यामागे होती. त्यातून चांगले वाचक घडले, पण बोलणारे कमी, अशी टीका होत राहिली. म्हणून १९८७ पासून इंग्रजी बोलणारे साहाय्यक शिक्षक परदेशांतून बोलावले जाऊ लागले, आणि २०१३ पासून उच्च माध्यमिक वर्गात इंग्रजीचा तास शक्यतो इंग्रजीतूनच घ्यावा, असं धोरण आलं. तरीही तिथल्या विद्यार्थ्यांच्या हाती इंग्रजी व्याकरणाचे जाडजूड संदर्भग्रंथ असतात ते जपानीत लिहिलेले. यातून धडा असा, की भाषांतराला शिक्षणाचा सारा वेळ देणं चूक आहे, पण नियमाचं कारण समजून घ्यायला आपली भाषा वापरणं योग्य आहे. बोलण्याचा सराव वर्गात इंग्रजीतूनच व्हावा. ‘इथं हॅव का आलं?’ हा प्रश्न मराठीत सुटावा. आपल्याकडे तर्खडकर आडनावाच्याच दुसऱ्या एका लेखकाच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्यांनी इंग्रजी गिरवलं, ते याच मार्गानं. तिच्यात कमी होती ती बोलण्याची, आणि ती भरून काढता येते.

दुसरा आक्षेप नाशिक जिल्ह्यात फार खरा आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर घरात कोकणा किंवा वारली बोलली जाते, बागलाण-मालेगावकडे अहिराणी. या मुलांना शाळेतली मराठीच आधी शिकावी लागते. त्यांना मराठीतून इंग्रजी शिकवणं म्हणजे दुहेरी ओझं नाही का? इथं तत्त्व मागे घेण्यापेक्षा ते एक पाऊल पुढे न्यायला हवं. शिक्षकानं आधी विचारावं, ‘हे तुमच्या घरी कसं म्हणतात?’ मग ते वाक्य फळ्यावर लिहावं, त्याखाली मराठी, त्याखाली इंग्रजी. तीन भाषांतली वाक्यं एकाखाली एक आली की भाषेला रचना असते, ही गोष्ट मुलाला दिसते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्याचा आग्रह धरला आहे. तो इंग्रजीच्या तासालाही लागू व्हावा.

तिसरा आक्षेप मोबाइलचा. वाक्याचा फोटो काढला की दुरुस्त वाक्य समोर येतं, मग एवढा खटाटोप कशाला? कारण परीक्षेत, मुलाखतीत आणि नोकरीच्या पहिल्या ईमेलमध्ये समोरचा माणूस मुलाची स्वतःची समज तपासणार असतो. मोबाइल वर्ज्य करण्याची गरज नाही. मुलानं आधी स्वतः वाक्य लिहावं, मग फोनला मराठीत ‘माझं का चुकलं?’ विचारावं. उत्तर मागणं आणि कारण मागणं, यांत शिकण्याचा सगळा फरक आहे.

राहिला प्रश्न आई-वडिलांचा. त्यांनी गृहपाठाच्या वेळी तीन गोष्टी मराठीत विचाराव्यात : हे काम झालं, चाललंय की होणार आहे? करणारा कोण? आणि यातला ‘मी’ कोण? काळ, व्हॉइस आणि रिपोर्टेड स्पीच या तिन्हींची किल्ली या प्रश्नांत आहे, आणि ते विचारायला इंग्रजीचा एक शब्दही लागत नाही. उरलेलं काम गावाचं. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय नाशिकात आहे, ठिकठिकाणी अभ्यासिका आहेत. दूर राहणाऱ्यांना मराठीतून शिकवणाऱ्या मुक्त विद्यापीठाचं मुख्यालयही १९८९ पासून इथंच आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमानं पुस्तकांच्या पेट्या वाचकांपर्यंत नेण्याची रीत याच गावातून घालून दिली. इंग्रजी व्याकरण मराठीत, अहिराणी-कोकणाची उदाहरणं देऊन समजावणारी एक छोटी पुस्तिका या मंडळींनी मिळून तयार करावी आणि अशाच पेट्यांतून ती पाड्यापाड्यावर पोहोचवावी. आठवड्यातून दोन संध्याकाळी अभ्यासिकेत कॉलेजच्या मुलांनी शाळेच्या मुलांसोबत बसावं. महागड्या क्लासची ऐपत नसलेल्या मुलाला इंग्रजी येण्याचा हक्क तेवढाच आहे, आणि तो मिळवण्याचं साधन त्याच्या तोंडी असलेल्या भाषेतच आहे. ती भाषा वर्गाबाहेर ठेवायला लावणं आता थांबवायला हवं.