काटा खरे बोलतो का?

संध्याकाळी मोबाइलवर चलान आले आणि घरात वादाला तोंड फुटले. रस्त्याची वेगमर्यादा ताशी ७० किलोमीटर, कॅमेऱ्याने नोंदलेला आमच्या गाडीचा वेग ७५. त्या दिवशी गाडी मी चालवत होते. "अगं, जरा काट्याकडे बघत जा," हे म्हणाले. मी तर काट्याकडे बघूनच चालवत होते आणि तो सत्तरच्या आत होता. पण यंत्रापुढे बायकोचे कोण ऐकणार?

शेवटी सासूबाई मध्ये पडल्या. "भाजीवाल्याचा तराजू आपण पारखून घेतो. मग गाडीचा काटा कधी पारखलात का?"

प्रश्न बिनतोड होता. दिल्ली, नोएडा, गुडगावच्या रस्त्यांवर रोज लाखो गाड्या धावतात. प्रत्येक चालक समोरच्या काट्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो.

काटा वेग कसा ओळखतो?

जर्मनीच्या ऑटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये स्पीडोमीटरचे पेटंट घेतले. त्यात एक केबल फिरे, तिच्या टोकाचे लोहचुंबक फिरे आणि त्याच्या ओढीने ॲल्युमिनियमची वाटी व तिला जोडलेला काटा सरके. आताच्या गाड्यांत केबलऐवजी सेन्सर असतात. पण मूळ गोष्ट तीच आहे. स्पीडोमीटर रस्ता मोजत नाही, तो फेरे मोजतो. एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते, हे कारखान्यात मूळ टायरच्या मापावरून ठरवलेले असते.

म्हणून टायर बदलला की हिशेब बदलतो. टायर झिजला तर चाक किंचित लहान होते आणि काटा खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो. यात धोका नाही. मोठा टायर बसवला तर मात्र उलट होते. गाडी जोरात जाते आणि काटा कमी दाखवतो.

घड्याळ लावून परीक्षा

पुढच्या रविवारी आग्र्याला जायचे होतेच. ग्रेटर नोएडाहून आग्र्याला जाणारा १६५ किलोमीटरचा यमुना एक्सप्रेसवे २०१२ मध्ये सुरू झाला. सरळ, सपाट रस्ता आणि कडेला किलोमीटरच्या पाट्या. परीक्षेसाठी याहून चांगली जागा कोणती?

पहाटेची मोकळी वेळ आम्ही निवडली. डावीकडच्या लेनमध्ये मी काटा ६० वर स्थिर ठेवला. शेजारी बसलेल्या ह्यांनी एका पाटीजवळ स्टॉपवॉच सुरू केले आणि बरोबर ५ किलोमीटरनंतर बंद केले. चालवणाऱ्याने घड्याळाकडे मुळीच बघायचे नाही, ही पहिली अट.

हिशेब सोपा आहे. ताशी ६० वेगाने १ किलोमीटरला ६० सेकंद लागतात, म्हणजे ५ किलोमीटरला ३०० सेकंद. आम्हाला २७६ सेकंद लागले. १८,००० ला २७६ ने भागा, उत्तर ६५ येते. काटा ६० म्हणत होता आणि गाडी ६५ ने धावत होती! परतताना पुन्हा मोजले, तेच उत्तर. याच प्रमाणात काटा ६९ वर असताना खरा वेग ७५ होतो. हे गप्प झाले. मीही गप्प झाले, कारण मी खरे बोलले होते, तरी गाडी वेगातच होती.

सोबत कोणी असेल तर मोबाइलवरच्या जीपीएसनेही पडताळा घेता येतो. त्यासाठी मोकळे आकाश आणि स्थिर वेग हवा. दिल्लीच्या प्रगती मैदानाखालच्या बोगद्यासारख्या ठिकाणी उपग्रहाचा संकेत पोहोचत नाही.

दोष कोणाचा?

घरी येऊन टायरवरचे आकडे वाचले. मूळ टायर १४५/८० आर १३, व्यास सुमारे ५६२ मिलिमीटर. वर्षभरापूर्वी ह्यांनी हौसेने रिमसह बसवून घेतलेले टायर १६५/८० आर १४, व्यास सुमारे ६२०. फरक १० टक्क्यांचा! मूळचा काटा किंचित पुढे होता, म्हणून चूक ९ टक्क्यांच्या आसपास राहिली.

काटा पुढे असणे मुद्दामच असते. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीतील ३९ वा नियम सांगतो की, काट्याने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये. जास्त दाखवला तरी खऱ्या वेगाचे १० टक्के अधिक ४ किलोमीटर, एवढीच मुभा. आपल्याकडे पुण्याची एआरएआय आणि मानेसरची आयकॅट यांसारख्या संस्था नव्या मॉडेलची तपासणी करतात. पण नंतर आपण कोणते टायर बसवतो, हे पाहायला त्या येत नाहीत.

हा खेळ केवळ दंडाचा नाही. वेग ६९ ऐवजी ७५ असला तर ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला सुमारे १८ टक्के जास्त अंतर लागते. रस्त्यात अचानक आलेल्या मुलासाठी तेवढे अंतर फार मोठे असते. शिवाय किलोमीटरचा आकडाही कमी भरतो, त्यामुळे सर्व्हिसिंग लांबते आणि मायलेजचा हिशेब चुकतो.

एवढे जरूर करा

टायर बदलताना दाराच्या चौकटीवरच्या किंवा पुस्तिकेतल्या मापाशी ताडून पाहा. हवा नियमित तपासा. नवे टायर बसवल्यावर एकदा घड्याळ लावून परीक्षा घ्या. काटा मागे पडत असेल तर मूळ मापाचे टायर परत बसवा. तोवर मर्यादेच्या बरेच खाली चालवा.

वेग मोजणाऱ्या रडार यंत्रांचीही १ जुलै २०२५ पासून वैधमापन खात्याकडून पडताळणी आणि मुद्रांकन सक्तीचे झाले आहे. सरकारी यंत्राची परीक्षा होते, तर आपल्या काट्याची का नको?

चलान आम्ही भरले. कॅमेरा खरा होता. हौसेचे टायरही उतरवले. सासूबाई आता गाडीत बसताना हसून विचारतात, "काय गं, काटा खरे बोलतोय ना?"