बाळाला भूक लागली की

स्वारगेटहून कोल्हापूरची एसटी धरली की पाच-सहा तास कुठे गेले नाहीत. कडेवर दोन-तीन महिन्यांचं बाळ असेल तर तेवढ्या वेळात त्याला किमान दोनदा पाजावं लागणार. नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध पितं. जरा मोठं झालं की मधलं अंतर थोडं वाढतं, इतकंच. गाडी कराडच्या फलाटाला लागेपर्यंत त्याची भूक थांबत नाही. म्हणजे अंगावर पिणारं बाळ घेऊन बाई घराबाहेर पडली की बाहेर पाजणं आलंच. तरी प्रवासाची तयारी करताना घरात झबली, टोपडी, दुपटी, लंगोट या सगळ्यांची मोजदाद होते आणि पाजायचं कुठे, कसं, हा विषय कुणी काढत नाही. मग बाळ रडायला लागतं, आई इकडेतिकडे बघते, गोंधळते. आणि ती गोंधळली की दूधही अडतं.

हे अडणं खरोखर शरीरात घडतं. बाळ ओढायला लागलं की आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं. त्याने दूध बनवणाऱ्या पेशींभोवतीचे बारीक स्नायू आकसतात आणि पान्हा फुटतो. भीती, लाज, ताण असला की हे संप्रेरक काही वेळ दबून राहतं. दूध असतं, पण उतरत नाही. बाळ चिडतं, मोठ्याने रडतं, आजूबाजूचे चार जण वळून पाहतात, ताण आणखी वाढतो. तेवढ्यात सोबतचं कुणीतरी म्हणतं, ‘‘दूध पुरत नाही वाटतं हिला.’’ नव्या आईच्या मनात हे वाक्य फार खोल रुततं.

पुढच्या वेळी बाहेर निघताना मग बॅगेत बाटली येते. एक पाजणं चुकतं, छाती भरून दगडासारखी घट्ट होते, कधी गाठी येतात, कधी सूज येऊन ताप भरतो. शिवाय दूध जेवढं रिकामं होतं तेवढंच नव्याने बनतं. पाजण्याच्या वेळा सतत चुकल्या की ते हळूहळू खरंच कमी होतं. जन्मल्यापासून सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशात सहा महिन्यांखालची 63.7 टक्के बाळं फक्त आईच्या दुधावर असल्याचं आढळलं. उरलेल्यांची कारणं अनेक आहेत. चार लोकांत पाजण्याची लाज हे त्यातलं एक आहे, असं मला ठामपणे वाटतं, आणि दूर करता येण्याजोगं हे सगळ्यात सोपं कारण आहे.

आपल्याकडे ही लाज पूर्वापार होती असंही नाही. घराच्या ओट्यावर, शेताच्या बांधावर, देवळाच्या मंडपात कीर्तन ऐकता ऐकता बायका पोरांना पाजत आल्या. चोळीची गाठ पुढे असायची आणि वर पदर. ऊसतोडीच्या फडावर आजही हेच चालतं. तिथे आडोसा शोधायला कुणाला सवड नसते. शहरात कपडे बदलले, मागे चेन असलेले ड्रेस आले, आणि आजूबाजूची माणसं अनोळखी झाली. त्यात प्रत्येकाच्या हातात कॅमेरा. ही शेवटची भीती खोटी नाही, तिला ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावू नये. म्हणूनच नुसतं ‘लाजू नकोस’ असं सांगून भागत नाही. हातात काही युक्त्या असाव्या लागतात आणि शेजारी चांगली माणसं.

युक्त्यांची सुरुवात घरातल्या आरशासमोर करावी. बाहेर जाताना घालतो तेच कपडे घालून एक-दोनदा पाजून पाहावं. आपल्याला वाटतं त्यापेक्षा फारच कमी दिसतं, हे तिथेच कळतं. बाळाच्या डोक्याने आणि गालाने बहुतेक सगळं झाकलेलं असतं. गळा खाली ओढण्यापेक्षा कुर्ता खालून वर घेतलेला सोयीचा. आत ताणली जाणारी स्लिप घालायची, ती खाली करायची आणि कुर्ता गरजेपुरता वर उचलायचा. पोट उघडं पडत नाही, पाठही नाही. अवघड असतं ते पहिलं अर्धं मिनिट, बाळ नीट लागेपर्यंत. तोंड मोठं उघडून नुसतं बोंड नव्हे तर भोवतीचा काळसर भागही बराचसा त्याच्या तोंडात जायला हवा, हनुवटी छातीला टेकायला हवी. तेवढ्यापुरतं खिडकीकडे किंवा भिंतीकडे वळायचं, बाळ लयीत ओढायला लागलं की पुन्हा सरळ बसायचं. समोरच्याला मग दिसतं ते कुशीत झोपल्यासारखं दिसणारं एक मूल.

बाळाला रडायच्या आधी घेतलं तर निम्मं काम झालं. मूठ तोंडात घालणं, ओठ चाटणं, मान वळवून छातीशी शोधाशोध करणं, या भुकेच्या पहिल्या खुणा. रडणं ही अगदी शेवटची. रडून लाल झालेलं बाळ आधी शांत करावं लागतं, त्याशिवाय ते लागत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी सगळ्यांचं लक्ष तुमच्याकडे असतं.

ओढणी किंवा स्टोल घ्यावा का? जिला त्याशिवाय अवघडल्यासारखं होतं तिने जरूर घ्यावा. मात्र एप्रिल-मेच्या उन्हात बाळाचं तोंड गच्च झाकू नये, हवा खेळती राहिली पाहिजे. आणि पाच-सहा महिन्यांचं मूल तो स्टोल हिसकावून बाजूला टाकतंच, तेव्हा ते वय येईपर्यंत त्याच्याशिवाय बसायची सवय झालेली बरी. जिला नकोच असेल तिच्या अंगावर सासूने, आईने, नवऱ्याने तो टाकू नये.

पहिल्यांदा बाहेर पाजायचं तर लसीकरणाचा दिवस मला सगळ्यात चांगला वाटतो. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला दवाखान्यात जावंच लागतं, बाकांवर सगळ्या लेकुरवाळ्याच असतात, आणि सुई टोचताना बाळ अंगावर असलं तर त्याला कमी दुखतं, हेही सिद्ध झालेलं आहे. तिथे एकदा जमलं की बाग, मग ओळखीचं दुकान, मग एसटी.

एसटीवरून एक पाहिलेलं सांगते. साताऱ्याहून सुटलेल्या गाडीत एक तरुण मुलगी बाळाला खांद्यावर थोपटत होती. ते मूठ चोखत होतं, ती नुसती थोपटत होती. शेजारच्या नऊवारीतल्या बाईंनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘आगं घे की त्याला, भुकावलंय त्ये. तू खिडकीकडं सरक, मी बसते कडंला.’’ उठून जागा बदलली, मांडीवरची पिशवी दोघींच्या मध्ये उभी केली आणि कंडक्टर आला तेव्हा तिचे पैसे आपल्याच हाताने पुढे केले. मग गावाचं नाव विचारलं, माहेर कुठलं विचारलं. बोलता बोलता मुलीचे खांदे खाली आले, आणि बाळाच्या घटाघटा गिळण्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत ऐकू यायला लागला. आत्मविश्वास म्हणतात तो तिला त्या बाईंनी मिळवून दिला होता.

नवऱ्याचं कामही असंच आहे. पाण्याची बाटली उघडून द्यायची, कारण पाजताना हटकून तहान लागते. कुणी रोखून बघत असेल तर त्याच्या आणि हिच्या मध्ये उभं राहायचं. कुणी हटकलंच तर ‘‘बाळ पितंय, झालं की उठू’’ एवढं उत्तर पुरे. कुणी फोटो काढत असेल तर गप्प बसू नये. 112 वर किंवा रेल्वेत 139 वर फोन करावा. बाकीच्यांनी घाईघाईने तोंड फिरवण्याचीही गरज नाही. तिच्या चेहऱ्याकडे पाहून चाललेलं बोलणं पुढे चालू ठेवावं.

एसटी स्थानकांवर ‘हिरकणी कक्ष’ आले, ही चांगलीच गोष्ट झाली. ज्या मातेला एकांत हवा, जिला दूध काढून ठेवायचं आहे, जिच्या बाळाचं गर्दीत लक्ष लागत नाही, तिला दाराआडची स्वच्छ खोली मिळालीच पाहिजे. रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून हिरकणी कडा उतरून गेली, कारण तिचं तान्हं घरी होतं. आजच्या बाईचं तान्हं तिच्या कडेवर आहे. तिला हवा आहे पुसलेला एक बाक, पंखा, आतून लागणारी कडी. तेवढंही पुष्कळ ठिकाणी मिळत नाही. कुठे कुलूप, कुठे आत भंगार रचलेलं. देवळालीच्या आमदार सरोज अहिरे डिसेंबर 2022 मध्ये अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, त्याचं सगळीकडे कौतुक झालं. पुढच्याच अर्थसंकल्पी अधिवेशनात मुंबईच्या विधानभवनात हिरकणी कक्षातल्या धुळीबद्दल त्यांना जाहीर तक्रार करावी लागली, तेव्हा तिथे सोय झाली.

आणि खोली असली तरी तिथेच जा, अशी सक्ती कुणी करता कामा नये. ‘तिकडे कक्ष आहे ना, मग इथे कशाला?’ असं आता ऐकू यायला लागलं आहे. 2018 मध्ये कोलकात्याच्या एका मॉलमध्ये तर आईला स्वच्छतागृहात जाऊन पाजायला सांगितलं गेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने 19 फेब्रुवारी 2025 रोजी या बाबतीत स्पष्ट भूमिका घेतली आहे. न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. प्रसन्न वराळे यांच्या पीठाने सार्वजनिक जागी स्तनपानाची सोय करण्याकडे राज्यांनी लक्ष द्यावं, नव्या सार्वजनिक इमारतींच्या आराखड्यातच त्यासाठी जागा राखावी, असं म्हटलं. सार्वजनिक ठिकाणी आणि कामाच्या जागी पाजण्याला कुणी कलंक लावू नये, हेही त्याच निकालात आहे, आणि स्त्रियांच्या प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या प्रथा सोडून देण्याचं नागरिकांचं घटनात्मक कर्तव्य न्यायालयाने तिथे आठवून दिलं आहे. कामाच्या जागेपुरता कायदा तर जुनाच आहे: 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यापासून चालत आलेल्या नियमानुसार मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामावर परतलेल्या आईला नेहमीच्या सुटीखेरीज दिवसातून दोनदा त्याला पाजण्यासाठी वेळ द्यावा लागतो. नोकरी करणाऱ्या किती जणींना हे ठाऊक आहे, आसपास विचारून पाहा.

गाडी सुटायला पंधरा मिनिटं असतील आणि हिरकणी कक्षाला कुलूप असेल, तर बाळाला घेऊन किल्ली शोधत फिरू नये. जवळच्या बाकावर बसावं आणि पाजावं. सोबत जो कुणी असेल त्याने तोवर वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीशी जाऊन तक्रार वही मागावी, तारीख आणि वेळ घालून कुलपाची नोंद करावी आणि खाली सही करावी.