उपकरणाला बोलते करा

१२ व्होल्टपर्यंत विद्युतदाब देणारा एक वीजपुरवठा-संच तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेसाठी तयार केला आहे, असे समजा. पत्र्याच्या पेटीवर एक स्विच, एक नॉब आणि दोन सॉकेट आहेत. नॉब कोणीकडे फिरवला की दाब वाढतो, धन टोक कोणते, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण पुढच्या वर्षी हा संच हाताळणाऱ्या विद्यार्थ्याला ते कसे कळावे? ३ व्होल्टच्या बल्बला १२ व्होल्ट मिळाले तर बल्ब जातो. धन-ऋण टोकांची अदलाबदल झाली, तर ट्रान्झिस्टर निकामी होऊ शकतो. म्हणून दर्शनी पट्टी ही केवळ शोभेची वस्तू नव्हे. तो उपकरणाचाच एक भाग आहे. ती थोडक्या खर्चात घरी कशी करावी ते पाहू.

प्रथम आलेख कागदावर पट्टीचा आराखडा काढा. प्रत्येक भागाचा व्यास व्हर्निअर कॅलिपरने मोजून छिद्रांचे मध्यबिंदू ठरवा. आराखडा पत्र्यावर चिकटवून प्रत्येक मध्यबिंदूवर खिळ्याने खूण ठोका, म्हणजे ड्रिल घसरणार नाही. आधी लहान छिद्र पाडून ते गोल कानशीने हवे तेवढे मोठे करा.

आता नॉबभोवतीची मापनश्रेणी. नॉबमागचा पोटेन्शिऑमीटर साधारणपणे ३०० अंशांतून फिरतो. त्याचे १० समान भाग पाडले तर प्रत्येक भाग ३० अंशांचा होईल. आकृती सुबक दिसेल, पण खरी असेलच असे नाही. कारण समान कोनांत दाब समानच वाढेल याची खात्री नसते. म्हणून नॉबखाली कोरा कागद लावा, पेटी बंद करा आणि सॉकेटला मल्टिमीटर जोडा. नॉब हळूहळू फिरवत जा आणि दर एका व्होल्टला पेन्सिलीने खूण करा. यालाच अंशांकन म्हणतात. हे काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावे. पेटीत २३० व्होल्टच्या जोडण्या आहेत हे विसरू नका.

पक्की आकृती दुप्पट आकाराची काढावी. खुणांचे कोन कोनमापकाने मोजून मोठ्या वर्तुळावर घ्या आणि अक्षरे काळ्या शाईने काढा. मग झेरॉक्सच्या दुकानात तिची ५० टक्के आकाराची प्रत काढून घ्या. रेषांतील लहानसहान दोषही त्याबरोबर निम्मे होतात. खुणा मात्र बिघडत नाहीत, कारण आकृती समरूप राहते आणि कोन बदलत नाहीत. प्रत मिळाल्यावर तिची लांबी पट्टीने एकदा पडताळून पाहा.

झेरॉक्सची काळी भुकटी प्लॅस्टिकमिश्रित असते आणि उष्णतेने कागदावर वितळून बसते. त्यामुळे ओल्या बोटाने ती पसरत नाही. या प्रतीला ओळखपत्राला करतात तसे लॅमिनेशन करा आणि धारदार पात्याने छिद्रे कापा. निराळा गोंद लागत नाही. स्विच आणि पोटेन्शिऑमीटर यांचे नटच पट्टी घट्ट धरून ठेवतात. नॉब बसवताना तो अंशांकनाच्या वेळी होता त्याच स्थितीत बसला पाहिजे.

पट्टीवर काय लिहावे? संचाचे नाव, '२३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ', मिळणारा दाब, जास्तीत जास्त विद्युतप्रवाह, फ्यूजचे मूल्य आणि सॉकेटजवळ ठळक धन-ऋण चिन्हे. धन सॉकेट लाल व ऋण सॉकेट काळे असावे.

एक गोष्ट मात्र पट्टीखाली झाकली जाते. धातूच्या पत्र्याला अर्थिंगची तार जोडलीच पाहिजे आणि त्या जागेचा रंग खरवडून काढला पाहिजे, कारण रंग हा विद्युतरोधक आहे. आत एखादी तार सुटून पत्र्याला लागली, तर प्रवाह अर्थिंगमधून वाहतो, फ्यूज उडतो आणि हात लावणारा वाचतो.

तुम्ही शाळा सोडून जाल, संच मात्र तेथेच राहील. तो कसा वापरावा हे सांगायला तेव्हा तुम्ही नसाल. तुमच्या वतीने ही पट्टीच बोलेल. म्हणून तिच्यावर मोजून पाहिलेले तेवढेच लिहा.