दोराला धरणारे दात

दोरावर चढणे ही जुनी विद्या. पण दमलेल्या माणसाला दोरावरच विसावू देणारे साधन मिळाले ते विसाव्या शतकात. ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी 1931 मध्ये एक गाठ प्रसिद्ध केली. बारीक दोरीचा फास जाड दोराभोवती तीनदा गुंडाळायचा. वजन पडले की वेढे आवळतात, वजन काढले की ते सैल करून वर सरकवता येतात. चढणाऱ्याचा भारच त्याला धरून ठेवतो. पुढची यंत्रे याच तत्त्वावर उभी राहिली. त्यांची कहाणी पकड घट्ट होत गेल्याची म्हणून सांगितली जाते, पण माझ्या मते खरी प्रगती झाली ती पकड कुठे संपते हे ओळखल्यामुळे.

गरुडांच्या अभ्यासासाठी कडे चढणारे स्वित्झर्लंडचे आडॉल्फ युझी आणि त्यांचे सहकारी वॉल्टर मार्टी यांनी 1958 मध्ये हातात धरायचे साधन बनवले. दोघांच्या आडनावांतून 'युमार' हे नाव निघाले. आपल्याकडे ते 'जुमार' झाले आणि सह्याद्रीतल्या गिर्यारोहकांच्या बोलीत 'जुमारिंग' रुळले. त्यात स्प्रिंगवर बसवलेली एक दातेरी जीभ असते. साधन वर ढकलले की ती दोराला वाट देते, खाली ओढ बसली की दात रुततात. गाठ हाताने सैल करावी लागते, जुमार मनगटाच्या एका झटक्यात सरकतो. फ्रान्समधले गुहासंशोधक फर्नांड पेट्झल यांनी 1968 पासून अशी साधने घडवली, आणि छातीवरची पकड व पायातला फास यांच्या जोडीने बेडकासारखे पाय आखडून उभे राहत चढणे सोपे झाले.

पण ज्या दातांनी चढणे सोपे केले, तेच दोराला घातकही ठरतात. आजच्या दोराला आतला गाभा आणि त्यावर विणलेले आवरण असते. साधारण 4 ते 6 किलोन्यूटन, म्हणजे 400 ते 600 किलो वजनाइतका ताण आला, की दात हे आवरण फाडू शकतात. स्थिर लटकणाऱ्या माणसाचा भार याहून पुष्कळ कमी असतो, मात्र सैल दोरावर पडल्यास बसणारा हिसका ही मर्यादा ओलांडू शकतो. म्हणूनच औद्योगिक कामात पकड आणखी कडक करण्यापेक्षा दुसरा, स्वतंत्र दोर आणि त्यावर वेगळे साधन हा नियम रुजला.

दुसऱ्या दोराने वेळ आणि खर्च वाढतो, हा आक्षेप खरा आहे. उंच शिखरावर तेवढे ओझे नेणेही अनेकदा शक्य नसते. पण गिर्यारोहक धोका स्वतः पत्करतो, तर इमारतीच्या काचा पुसणाऱ्याला कोणीतरी कामावर पाठवलेले असते. त्याच्या जिवाचा हिशेब खर्चाच्या रकान्यात मांडता येत नाही. यंत्रामुळे कौशल्य बोथट होते, असेही म्हणतात. त्याला उत्तर म्हणजे प्रुसिकची गाठ आजही शिकवणे, कारण जुमार हातातून निसटला तर खिशातली दोरीच कामी येते. मुंबईतल्या एखाद्या उंच इमारतीवर लटकून काम करणारा माणूस दिसला, तर त्याच्या हातातल्या साधनाकडे नंतर पाहावे. आधी दोर मोजावेत: एक आहे की दोन.