किशोरवयीनांची आत्मइजा : प्रश्न शिस्तीचा नव्हे, वेदनेचा

वसतिगृहातील एखादा विद्यार्थी ऐन उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा उतरवीत नाही, मित्रांना टाळतो, पंगतीत दिसेनासा होतो. आपण त्याला हट्टी ठरवून मोकळे होतो. काही वेळा त्या बाह्यांखाली त्याने स्वतःच स्वतःला केलेल्या जखमा असतात.

स्वतःला इजा करणारे मूल दरवेळी मरणाच्या इच्छेनेच तसे करते, असे नाही. असह्य राग, लाज किंवा रितेपण शब्दांत मांडता येत नाही, तेव्हा शरीराच्या वेदनेने मनाची वेदना क्षणभर दबते. हा आराम टिकत नाही. मागून अपराधभाव येतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. याला 'नाटक' म्हणून झटकून टाकणे घातक होय, कारण अशा मुलांमध्ये पुढे आत्महत्येचा धोका वाढलेला असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातील होते.

कारण एकच नसते. घरातील कलह, छळ, परीक्षेचे भय, जातीवरून होणारी अवहेलना ही त्यांपैकी काही. आपल्या समाजात आणखी एक भर पडते. 'शिका' हा बाबासाहेबांचा संदेश मुक्तीचा आहे. परंतु साऱ्या कुटुंबाच्या आणि वस्तीच्या अपेक्षा एकाच मुलाच्या शिरावर ठेवल्या, की त्याला नापास होणे हा समाजद्रोह वाटू लागतो.

दुःखाला कारण असते आणि त्याचे निवारण होऊ शकते, ही तथागतांची शिकवण येथेही मार्ग दाखविते. मुलाला एकांतात, शांतपणे आणि थेट विचारावे. विचारल्याने आत्महत्येची कल्पना मनात शिरते, हा गैरसमज आहे. जखमा चारचौघांत दाखवायला लावू नयेत, शपथा घालू नयेत, वसतिगृहातून काढण्याची धमकी देऊ नये. तसेच 'कुणाला सांगणार नाही' असे वचनही देऊ नये. तज्ज्ञांची मदत घ्यावी लागते. 'टेली-मानस'चा १४४१६ आणि मुलांसाठीचा १०९८ हे क्रमांक विनामूल्य आहेत. पोलिसांच्या भयाने उपचार टाळू नयेत : मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, तिला शिक्षा होत नाही.

शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत पात्र समुपदेशक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये निर्देश दिले आहेत. माजी विद्यार्थी आपापल्या शाळेच्या सभागृहासाठी व प्रवेशद्वारासाठी आनंदाने देणगी देतात. त्यांनी समुपदेशकाच्या मानधनाचाही भार उचलावा, ही विनंती.