शिफारसपत्र कुणाकडे मागायचे?

मुंबईतले उच्च शिक्षण म्हटले की अजूनही फोर्टातला राजाबाई टॉवर डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात या शहरातले बरेचसे संशोधन आता उपनगरांत चालते. पवईला आयआयटी, गोरेगावला इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, कालिन्याला विद्यापीठाचे विभाग, देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आणि तिच्या शेजारी लोकसंख्याशास्त्राची राष्ट्रीय संस्था, मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. घाटकोपरचे रमाबाई आंबेडकर नगर किंवा गोवंडीच्या वस्त्या यांपासून ही आवारे फार लांब नाहीत. अंतर आहे ते वेगळे. आरक्षणाने जागा मिळते, अनुसूचित जातींसाठीच्या राष्ट्रीय फेलोशिपने किंवा राज्य सरकारच्या बार्टी या संस्थेच्या फेलोशिपने महिन्याचा खर्च भागतो, निदान भागावा अशी अपेक्षा असते. या दोन गोष्टींसाठी चळवळींनी फार झुंज दिली आहे आणि ती अजून संपलेली नाही: फी-सवलत काढल्याविरुद्ध 2018 मध्ये टाटा संस्थेत संप झाला, बार्टीच्या 2021 च्या तुकडीतल्या 861 संशोधकांच्या फेलोशिपसाठी आझाद मैदानात आंदोलन करावे लागले. पण जागा आणि पैसा यांच्या पलीकडे तिसरी एक गोष्ट असते, तिच्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही. संशोधनाच्या धंद्यातल्या अलिखित चालीरीती समजावून सांगणारे वडीलधारे माणूस. दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त घरांतली मुले पीएच.डी.पर्यंत पोहोचूनही पुढे प्राध्यापक, संशोधक म्हणून उभी राहताना कमी दिसतात, त्याचे एक मोठे कारण मला या तिसऱ्या गोष्टीत दिसते.

या चालीरीती कोणत्या? कोणते नियतकालिक खरे आणि कोणते पैसे घेऊन काहीही छापणारे, हे ओळखणे. परिषदेसाठी गोषवारा किती महिने आधी पाठवायचा. परीक्षकाचा तीन पानी खरमरीत अभिप्राय आला म्हणजे लेख फेटाळलेला नाही, उलट सुधारून परत पाठवा असा तो निरोप आहे, हे कळणे. शिफारसपत्र कुणाकडे, केव्हा आणि कोणत्या शब्दांत मागायचे. पीएच.डी. संपण्याच्या दोन वर्षे आधीच पुढच्या अर्जांची तयारी सुरू करायची असते, हेही कुठल्या परिपत्रकात लिहिलेले नसते. ज्या घरात मामा प्राध्यापक आणि आत्या शास्त्रज्ञ असते, तिथे ही माहिती जेवणाच्या ताटावर फुकट मिळते. मिळणाऱ्याला ती मिळाली हेसुद्धा जाणवत नाही, म्हणून तो तिला स्वतःची हुशारी समजतो. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या मुलीला ती ठेचा खाऊन शिकावी लागते, आणि एकेका ठेचेला वर्ष-सहा महिने जातात.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की प्रत्येक संशोधकाला गाइड असतोच की. असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक असू शकतात, आणि संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्रात कामाचा आढावा मांडावा लागतो. परंतु गाइड हा सही करणारा माणूस आहे. ज्याच्या सहीवर आपला प्रबंध अडकला आहे, त्याला ‘मला हे मुळातच कळलेले नाही’ असे सांगण्याची हिंमत कोण करील? त्यात जातीचा दबाव असला तर बोलायलाच नको. आपल्याबद्दल ‘कोट्यातून आलेला’ ही कुजबुज ज्याच्या कानावर आधीच पडली आहे, तो आपले अज्ञान झाकण्यातच शक्ती घालवतो. आयआयटी मुंबईने जुलै 2023 मध्ये विद्यार्थ्यांनी एकमेकांना जेईईचा क्रमांक विचारू नये अशी सूचना काढली, ती उगाच नव्हे. त्या साध्या प्रश्नाआडून जात विचारली जाते, हे संस्थेलाच मान्य करावे लागले. म्हणून गाइडखेरीज आणखी एक माणूस हवा, ज्याच्या हातात गुण नाहीत आणि सहीही नाही.

दुसरा आक्षेप भावनेला हात घालणारा: बाबासाहेबांना कोण होते? ते एकट्याच्या जिद्दीवर गेले. हे त्यांच्या चरित्राशी जुळत नाही. 1907 मध्ये ते मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले आणि पुढे सयाजीरावांकडे त्यांची शिफारस केली. त्यातून बडोद्याची शिष्यवृत्ती आली आणि 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठ. तिथे अर्थशास्त्रज्ञ एडविन सेलिग्मन भेटले, ज्यांनी 1925 साली त्यांच्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरच्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. कोलंबियाहून ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. 1920 मध्ये पुन्हा जाताना स्वतःच्या बचतीला शाहू महाराजांची मदत आणि पारशी मित्र नवल भथेना यांचे कर्ज यांची जोड होती. लंडनला एडविन कॅनन यांच्या हाताखाली त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. तो 1923 मध्ये पुस्तकरूपाने आला, तेव्हा कॅनन यांनी प्रस्तावनेत लेखकाशी असलेले आपले मतभेद नोंदवले आणि तरीही त्याच्या विचारांतल्या ताजेपणाची तारीफ केली. मार्गदर्शन कसे असावे याचा इतका चोख नमुना शोधून मिळणार नाही. शिष्याने आपलेच मत उचलावे ही अट नाही, फक्त त्याचे म्हणणे जगापुढे नीट जावे याची जबाबदारी. बाबासाहेबांची बुद्धी आणि कष्ट त्यांचे स्वतःचे होते, यात वादच नाही. पण केळुसकर, सेलिग्मन, कॅनन, भथेना ही माणसे त्यांना योगायोगाने भेटली. योगायोगावर एक आंबेडकर घडतो, पिढी घडत नाही.

अमेरिकेत कृष्णवर्णीयांसाठी हा योगायोग पद्धतशीर करण्याचा प्रयत्न झाला आहे. बेंजामिन मेज हे मार्टिन ल्यूथर किंग यांचे गुरू; 1936 च्या अखेरीस ते वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटून गेले होते. त्यांचे नाव असलेली मेलन-मेज फेलोशिप 1988 पासून चालू आहे. ती पदवीच्या वर्गातच विद्यार्थी निवडते, प्रत्येकाला एक प्राध्यापक जोडून देते, उन्हाळ्यात संशोधन करायला पैसे देते आणि पीएच.डी. संपेपर्यंत साथ सोडत नाही. तिच्यातून हजाराहून अधिक पीएच.डी. झाल्या आहेत. 2011 मध्ये डोना गिंथर आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवले की शिक्षण, प्रशिक्षण, प्रकाशने सारखी धरली तरी कृष्णवर्णीय संशोधकांना तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे अनुदान मिळण्याची शक्यता सुमारे 10 टक्के-बिंदूंनी कमी होती. गुणवत्तेचे पालुपद आळवणाऱ्यांनी हा अभ्यास वाचावा. त्यानंतर त्या संस्थेने 2014 मध्ये मार्गदर्शकांचे देशव्यापी जाळे उभारायला निधी दिला.

आपल्याकडेही असे काही झाले नाही असे नाही. 1980 च्या दशकात होमी भाभा केंद्राच्या वि. गो. कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांनी महापालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांना हाताशी धरून नियमित मार्गदर्शन केले. विज्ञानाच्या पुस्तकांची अवघड भाषा हाच मोठा अडसर आहे हे केंद्राने ओळखले होते. मुलांची प्रगती ठळक होती. एका संशोधन संस्थेने मुंबईत, मराठी मुलांबरोबर हे करून दाखवले. त्याचा धडा शाळेपुरता राहिला, पीएच.डी.च्या वर्गापर्यंत आला नाही, ही खंत.

तिसरा आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो: मार्गदर्शक आणायचे कुठून? उच्च शिक्षणाच्या 2021-22 च्या अखिल भारतीय सर्वेक्षणात अध्यापकांपैकी अनुसूचित जातींचे 9.1 टक्के आणि जमातींचे 2.5 टक्के होते. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्येतला त्यांचा वाटा अनुक्रमे 16.6 आणि 8.6 टक्के. मग विभागातल्या एकट्या दलित प्राध्यापिकेकडेच सगळ्या मुलांना पाठवायचे, समितीवर तिलाच बसवायचे, जयंतीचे भाषणही तिनेच करायचे, आणि बढतीच्या वेळी ‘तुमची प्रकाशने कमी’ म्हणायचे. अमाडो पडिया यांनी 1994 मध्ये अमेरिकेतल्या अल्पसंख्य प्राध्यापकांवरच्या अशाच बोजाला सांस्कृतिक कर म्हटले होते. उपाय दोन. एक, मार्गदर्शक आपल्याच जातीचा असला पाहिजे हा हट्ट सोडावा. केळुसकर महार नव्हते आणि कॅनन तर भारतीयही नव्हते. सवर्ण प्राध्यापकांनी हे काम उपकार म्हणून न करता नोकरीचा भाग म्हणून शिकून करावे. दोन, या कामाचे तास मोजावेत आणि बढतीच्या गुणांत धरावेत. जे मोजले जात नाही ते आपल्या विद्यापीठांत होत नाही, हा अनुभव सगळ्यांचा आहे.

पवई, देवनार, कालिना आणि मानखुर्द इथल्या संस्थांनी दरवर्षी एक साधा तक्ता जाहीर करावा: राखीव जागांवर आलेल्या किती संशोधकांचे प्रबंध वेळेत पूर्ण झाले, किती मधूनच सोडून गेले, आणि त्यांतल्या किती जणांना गाइडखेरीज दुसरे माणूस नेमून दिले होते. असा तक्ता काढायला नवा कायदा लागत नाही, कुलसचिवांचे एक परिपत्रक पुरे आहे.