साडेचार कोटी ठिपक्यांचे चित्र



कॅमेरा विकत घ्यावयास निघालेला मनुष्य दुकानाची पायरी चढताच पहिला प्रश्न विचारतो, तो म्हणजे ‘किती मेगापिक्सेल?’ तांदळाचा भाव विचारावा तितक्या सहजपणे तो हे विचारतो, आणि आकडा मोठा ऐकला म्हणजे समाधान पावतो. हा आकडा म्हणजे नेमके काय, तो वाढल्याने पदरात काय पडते आणि त्यापायी काय मोजावे लागते, हे आज पाहावयाचे आहे. हवेत बोलण्यापेक्षा एकच कॅमेरा समोर ठेवू : निकॉनचा डी-८५०. ही जपानी कंपनी १९१७ च्या जुलैत स्थापन झाली. तिला शंभर वर्षे पुरी झाली त्या २०१७ सालच्या ऑगस्टात तिने तो जाहीर केला. अमेरिकेत त्याची किंमत तेव्हा सुमारे ३,३०० डॉलर होती, आणि तीही भिंगावाचून.

या कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी ३६ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद असा सेन्सर आहे. त्यावर आडव्या ओळीत ८,२५६ आणि उभ्या ओळीत ५,५०४ चौकटी उमटतात. आलेखाचा कागद डोळ्यांसमोर आणा. पण त्याच्या एका मिलिमीटरात सुमारे २३० चौकटी कल्पा. गुणाकार केला तर साडेचार कोटींवर ठिपके होतात. यात एक मौज आहे. प्रत्येक ठिपका तांबडा, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून अनुमानाने भरले जातात. म्हणजे चित्रातील पुष्कळसा रंग मोजलेला नसून हिशेबाने काढलेला असतो. तो हिशेब इतका चोख असतो, की आपल्या डोळ्यांना त्याचा पत्ता लागत नाही.

आता या श्रीमंतीचा उपयोग काय? छपाईसाठी एका इंचात ३०० ठिपके पुरेसे मानतात. त्या मापाने या कॅमेऱ्याचे चित्र साडेसत्तावीस इंच लांब आणि अठरा इंच रुंद छापता येते. तुमच्या हातातील वर्तमानपत्राच्या पानाहून ते मोठे होईल. शिवाय चित्राचा मधला भाग कापून घेतला तरी पुष्कळ उरते. दूरच्या फांदीवरचा खंड्या चौकटीच्या मधोमध लहानसा आला असेल, तर भोवतालचे सारे टाकून सुमारे १९ मेगापिक्सेलचे चित्र हाती राहते. आयएसओ ६४ या त्याच्या सर्वांत कमी मूळ संवेदनशीलतेवर, भर उन्हातले पांढरे आकाश आणि ओटीवरचा काळोख एकाच चित्रात सांभाळण्याची त्याची शक्ती तर नावाजण्यासारखीच आहे.

परंतु येथे गणिताच्या शिक्षकाला थोडे आडवे यावे लागते. २४ मेगापिक्सेलचा साधा कॅमेरा आणि हा ४५ चा, यांत ठिपके जवळजवळ दुप्पट. म्हणून बारकावाही दुप्पट, असा लोकांचा समज असतो. तो खरा नाही. ठिपके क्षेत्रफळात वाढतात, बारकावा लांबीत मोजतात. ६,००० च्या जागी ८,२५६ झाले, म्हणजे वाढ सुमारे ३८ टक्के. लहान आकाराच्या छापील चित्रात हा फरक कोणाच्याही नजरेस येणार नाही.

आणि तो फरकही आपोआप मिळत नाही, कमवावा लागतो. फिल्मच्या काळचा नियम असा होता, की ५० मिलिमीटरचे भिंग असेल तर शटरची गती सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून मंद नसावी. या कॅमेऱ्यावर पूर्ण बारकावा हवा असेल तर शंभरावा भाग, आणि हात कापरा असेल तर त्याहूनही जलद गती धरलेली बरी. जो हादरा मोठ्या चौकटीत लपून जाई तो बारीक चौकटीत दोन-तीन घरे ओलांडून जातो. कॅमेऱ्याच्या आतला आरसा वर उचलला जातो, त्याचा धक्कासुद्धा पुरतो. भिंगाचे तसेच. जुने भिंग वाईट होते असे नव्हे. त्याचे दोष पूर्वी कोणी इतक्या जवळून पाहत नव्हते, एवढेच.

एक अडचण तर निसर्गनियमाचीच आहे. भिंगाचे तोंड, म्हणजे ॲपर्चर, लहान करावे तसे जवळचे आणि दूरचे दोन्ही स्पष्ट दिसू लागते, म्हणून देखावे टिपणारे एफ १६ वर जातात. पण अरुंद छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो. एफ १६ वर एका बिंदूची थाळी २१ मायक्रॉनांची होते. या सेन्सरचा ठिपका साडेचार मायक्रॉनांहूनही किंचित लहान. म्हणजे एक बिंदू पाच ठिपके रुंद पसरला! एफ ८ च्या आसपास राहणे हाच त्यावर तोडगा. सृष्टीची शिस्त कंपनीला मोडता येत नाही.

कापडाचा त्रास निराळा. बारकावा वाचावा म्हणून सेन्सरवरील चित्र किंचित मऊ करणारी गाळणी या कॅमेऱ्यात ठेवलेली नाही. त्यामुळे रेशमी वस्त्राची बारीक वीण आणि सेन्सरची जाळी एकमेकांवर पडून कधी कधी इंद्रधनुष्यी लाटा उमटतात. वधूच्या पैठणीवर अशा लाटा आल्या तर तिच्या आईला काय सांगणार? जागा थोडी बदलून पुन्हा चित्र घ्यावे, हा साधा उपाय.

लग्नाचा विषय निघालाच आहे, तर तेथील हिशेब करू. कॅमेरा आणि व्यावसायिक प्रतीचे २४-७० भिंग मिळून दोन किलोंहून अधिक वजन होते. ते सकाळच्या मुहूर्तापासून रात्रीच्या जेवणापर्यंत गळ्यात. प्रत्येक कच्चे चित्र, ज्याला रॉ म्हणतात, ते न बिघडवता दाबून ठेवले तरी सुमारे ५० मेगाबाइट. दोन हजार चित्रे घेतली की शंभर गिगाबाइट भरले. मग ते उघडण्यास बळकट संगणक, ठेवण्यास हार्डडिस्क, आणि दुसरी प्रत हवी म्हणून आणखी एक हार्डडिस्क. आमच्या भागातले तरुण कर्ज काढून असा कॅमेरा घेतात, हे मी पाहतो. गिऱ्हाईक मात्र ती चित्रे भ्रमणध्वनीच्या चार बोटे रुंद पडद्यावर पाहते! अशा धंद्यास २४ मेगापिक्सेल पुष्कळ होतात. उरलेला पैसा दोन चांगल्या भिंगांत आणि दिव्यांत घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग हा कॅमेरा कोणी घ्यावा? माझ्या मते त्याचे खरे घर ग्रंथालयात आणि दफ्तरखान्यात आहे. बेळगावपासून गोव्यापर्यंत किती मोडी कागद, जमिनींचे नकाशे, देवस्थानांची बाडे आणि चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या पावसाची ओल आणि कसर सोसत पडून आहेत! कोणाच्या घराण्याचा, कोणाच्या शेताचा तेवढाच पुरावा असतो. ए-४ आकाराचे सुटे पान असेल तर २४ मेगापिक्सेलही पुरतात. त्या कॅमेऱ्याने इंचास ४८० हून अधिक ठिपके मिळतात. पण चोवीस इंच रुंद उघडलेली नोंदवही घ्या. तेथे साधा कॅमेरा इंचास २५० वर थांबतो आणि हा ३४४ देतो. फिक्या शाईतली मात्रा वाचता येणे वा न येणे या फरकावर अवलंबून राहू शकते.

हे काम करताना कॅमेरा भक्कम स्टँडवर, पानास समांतर असावा. दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांतून दिवे, एफ ८, आयएसओ ६४. शटर दोन लक्ष वेळा उघडझाप करील अशी कसोटी कंपनीने लावलेली आहे. रोज हजार पाने घेतली तर दोनशे दिवसांत ती मर्यादा येते! त्यासाठी एक सोय आहे. मागच्या पडद्यावर पाहून घेताना यांत्रिक शटर न हलवता, मुळीच आवाज न करता चित्र घेता येते. मात्र लुकलुकणारे दिवे असतील तर पानावर आडवे पट्टे उमटतात, म्हणून दिवे आधी पारखून घ्यावेत. त्या पडद्यावर कॅमेऱ्याचे आपोआप फोकस जुळवणे मंद आहे. धावत्या मुलाचे चित्र त्यामुळे हुकेल; नोंदवही कोठे पळून जात नाही.

पुढे २०१८ साली निकॉननेच आरसा नसलेला झेड-७ तितक्याच ठिपक्यांचा काढला आणि जाणत्यांचा ओढा तिकडे वळला. त्यामुळे डी-८५० जुन्या बाजारातही मिळू लागला. संस्थेसाठी असा वापरलेला कॅमेरा घेताना आतापर्यंत शटर किती वेळा उघडले आहे तो आकडा प्रथम मागावा, आणि सेन्सरवर धूळ आहे की काय हे कोऱ्या पांढऱ्या कागदाचे चित्र एफ १६ वर घेऊन पाहावे. तीनशे चित्रांची एक नोंदवही सुमारे १५ गिगाबाइट जागा घेते. तिच्या दोन प्रती कराव्यात, आणि त्या दोन निरनिराळ्या इमारतींत ठेवाव्यात.